दहापैकी तीन

२ फेब्रुवारी, रविवार

आजपासून रोजनिशी. ‘मानसशास्त्राची ओळख’ हा आठ आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स लावला आहे. शाळेत समुपदेशक नेमणार आहेत, मी नाव दिलंय. पहिल्याच व्हिडिओत बाई म्हणाल्या की रोज स्वतःचं निरीक्षण लिहा आणि लिहिताना स्वतःला फसवू नका. मी विज्ञानाचा शिक्षक. मला हे सांगायची गरज नव्हती.

आजचं निरीक्षण. सिल्वासातल्या आमच्या मराठी मंडळाचं हळदीकुंकू झालं. त्यात बायकांची उखाण्यांची स्पर्धा, परीक्षक मी. अध्यक्ष कारभारीभाऊ, राखोलीला सुताच्या कंपनीत सुपरवायझर, आमच्याच बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर राहतात. म्हणाले होते, सर, तुम्हीच बसा, तुमच्यावर कोणी बोट नाही ठेवणार. खरंच आहे. मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वैयक्तिक मजकूर उडवायचा, टाकणाऱ्याला काढून टाकायचं, हा नियम मीच करून घेतलाय. त्या नियमाखाली पहिला उडाला तो खुद्द कारभारीभाऊंच्या लग्नाच्या वाढदिवसाच्या केकचा फोटो.

रजनीने (माझी सौ.) स्वतः रचलेला उखाणा घेतला:

वनगंगेच्या तळ्याकाठी फुलला म्हणे गुलमोहर,
अनंतराव ‘नेतो नेतो’ म्हणताहेत वर्षभर.

हॉल हसला. मुख्याध्यापक सहकुटुंब आले होते, ते तर मांडीवर थाप मारून हसले. तोपर्यंत माझ्या मनात आठ मार्क होते. नंतर तीन दिले. हसण्याचा आणि मार्कांचा संबंध नाही. गुलमोहर उन्हाळ्यात फुलतो, फेब्रुवारीत नाही. माइकवर तसं स्पष्ट सांगितलं. आशय घरगुती, निसर्गाच्या बाबतीत चूक, दहापैकी तीन. स्वतःच्या बायकोला तीन द्यायला छाती लागते. पहिला नंबर केसरबाईंना, म्हणजे कारभारीभाऊंच्या सौभाग्यवतींना. त्यांच्या उखाण्यात झाडच नव्हतं.

घरी आल्यापासून रजनी बोललेली नाही. दमली असेल.

३ फेब्रुवारी

दमलेली नाही. केतकीशी (कन्या, अकरावी) भरपूर बोलते आहे. मला फक्त केतकीमार्फत. पप्पांना सांग डबा भरलाय. पप्पांना विचार भाकरी की पोळी. मी समोर बसलेलो, हातात ताट.

लाज वगैरे काही वाटत नाही. लाज चूक केल्यावर वाटते.

५ फेब्रुवारी

धडा पहिला, अभिसंधान. कुत्रा, घंटा, लाळ. घंटा वाजवून खाणं देत राहिलं की पुढे नुसत्या घंटेनेही लाळ सुटते. किती सोपं आहे! उगाच लोक बायकांच्या विनवण्या करत बसतात.

योजना: रोज शाळेतून येताना फरसाणवाल्याकडून खमण आणायचं. रजनीला आवडतं. बिल्डिंगखाली स्कूटरचा हॉर्न दोनदा वाजवायचा, मग वर येऊन खमण द्यायचं. आठवडाभरात नुसत्या हॉर्नने तिच्या मनात माझ्याविषयी आनंद उत्पन्न होईल. तिला कळणारही नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

प्रयोग जोरात चालू आहे. रजनी पुडी घेते, बोलत नाही. रिकाम्या पुड्या दिसत नाहीत, म्हणजे खाते आहे आणि पुरावा लपवते आहे.

१२ फेब्रुवारी

हॉर्न वाजवला. केसरबाई खालच्या दारात ताटली घेऊन उभ्या. तोंडभर हसून म्हणाल्या, सर, आज उशीर केला तुम्ही, मिरच्या तळून ठेवल्या ना मी.

रजनी रोजची पुडी खाली पाठवत होती. आठवडाभर केसरबाई खमण खात होत्या. हॉर्न ऐकला की त्यांना भूक लागते, हे त्यांनी स्वतःच कारभारीभाऊंना सांगितलंय. सिद्धांत बरोबर ठरला, फक्त बाई चुकली. पुडी त्यांच्याच ताटलीत ठेवली. दुसरं काय करणार?

१४ फेब्रुवारी

धडा दुसरा, प्रबलन. चांगल्या वागण्याचं ताबडतोब कौतुक करा, ते वागणं वाढतं. रात्री जेवताना म्हटलं, वा, आजचं वरण म्हणजे अप्रतिम, तुझ्या हाताला जी चव आहे ती कुणाला नाही.

रजनी केतकीला म्हणाली, पप्पांना सांग वरण खालून केसरबाईंकडून आलंय.

१७ फेब्रुवारी

धडा तिसरा, विलोपन. वर्तनाकडे दुर्लक्ष केलं की ते आपोआप बंद पडतं. तिच्या अबोल्याकडे आजपासून पूर्ण दुर्लक्ष. मीसुद्धा बोलणार नाही. बघू कोण आधी मोडतं.

१९ फेब्रुवारी

तिच्या लक्षातच आलेलं नाही. भाजी निवडताना गुणगुणत होती. केतकी म्हणाली, पप्पा, घरात किती शांत वाटतंय ना आजकाल. विलोपन सोडून दिलं. घसा बसला होता असं सांगितलं. कुणी विचारलं नव्हतं.

२१ फेब्रुवारी

धडा चौथा, संरक्षण यंत्रणा. अहाहा! अख्खा धडा रजनीवर लिहिलाय. विस्थापन म्हणजे एकाचा राग दुसऱ्यावर: ती भांडी आपटते. नकार म्हणजे वस्तुस्थिती मान्य न करणे: गुलमोहर. शेवटी ‘समर्थन’ म्हणून एक प्रकार आहे. माणूस रागाच्या भरात काहीतरी करतो आणि मग त्याला तत्त्वाचं नाव देतो. असे लोक असतात. आमच्या स्टाफरूममध्येच दोन आहेत.

टेस्ट दिली. समर्थनावरचा प्रश्न चुकला. पुन्हा दिली, पुन्हा चुकला. प्रश्नच संदिग्ध आहे.

२३ फेब्रुवारी, रविवार

एक निर्णायक पाऊल उचललं. वाद ज्या झाडावरून आहे ते झाड प्रत्यक्ष पाहायचं. शास्त्रीय पद्धत हीच. सकाळी स्कूटर काढली, दादऱ्याला गेलो, वनगंगेच्या बागेत. किती सुंदर जागा आहे! पाणी, पूल, झाडांची सावली. नवराबायको बाकांवर बसून शेंगदाणे खात होते. माळीबुवांना विचारलं, गुलमोहर कुठे? म्हणाले, सामने ही तो है साहब, लेकिन अभी क्या देखोगे, मई में आना, मैडम को लेके. झाडावर एक फूल नाही. माझंच बरोबर!

झाडासोबत सेल्फी काढून घरच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं: ‘पाहा, एकही फूल नाही.’

तोच दिवस, संध्याकाळ

केतकीने दार उघडलं. म्हणाली, पप्पा, तुम्ही मम्मीला सोडून वनगंगेला गेलात? एकटे? म्हटलं, संशोधनासाठी. म्हणाली, ओह माय गॉड.

रजनी गॅलरीत कपडे वाळत घालत होती. माझा शर्ट हातात आला, तो तिने पुन्हा बादलीत टाकला.

अठरा वर्षं झाली सिल्वासाला बदली होऊन. दादरा स्कूटरवर किती लांब? चहा गार होईस्तोवर पोचतो माणूस. हा विचार आज मला का येतोय, कळत नाही.

२६ फेब्रुवारी

केतकी संपावर गेली. म्हणाली, मी काय तुमची कुरियर सर्व्हिस आहे का, माझी परीक्षा आहे, यू बोथ सॉर्ट इट आउट, आणि खरं तर पप्पा, तुम्हीच करा. वर एक वाक्य जाता जाता टाकून गेली. मम्मी ‘फुलला म्हणे’ म्हणाली होती, फुलला नाही म्हणाली. तिने कुठे पाहिलाय तो? लोक सांगतात तेवढंच तिला माहीत.

‘म्हणे’ माझ्या लक्षात आलं नव्हतं. परीक्षक म्हणून ते लक्षात यायला हवं होतं. एक मार्क वाढवून देता आला असता. निकाल लागून गेलाय, नाही तर दिला असता.

१ मार्च

आता रजनी वस्तूंशी बोलते. कुकरला म्हणाली, ज्याला लवकर जायचंय त्याने लवकर जेवून घ्यावं. दाराला म्हणाली, येताना कोणी कोथिंबीर आणली तर बरं. कोथिंबीर आणली. दोन जुड्या. त्या जुड्यांशीसुद्धा ती माझ्यापेक्षा बरी वागली.

५ मार्च

धडा सहावा, स्मृती. आपली आठवण म्हणजे फोटो नव्हे, आपण ती दरवेळी नव्याने रचतो, बहुतेक आपल्याला सोयीची. यावरून आठवलं, केतकीच्या मोबाइलमध्ये हळदीकुंकवाचा व्हिडिओ असणार. मी किती संयत, तटस्थ बोललो होतो, ते रजनीला दाखवता येईल. आधी आपण पाहून घेऊ.

तोच दिवस, थोड्या वेळाने

पाहिला.

मी संयत नव्हतो. मुख्याध्यापक हसतात, मग मी त्यांच्याकडे बघतो, मग माझे कान लाल होतात. व्हिडिओत कान लाल दिसतात हे मला माहीत नव्हतं. मग मी माइक ओढून घेतो. ‘निसर्गाच्या बाबतीत चूक’ म्हणताना मी बोट वर केलंय, नववी ब च्या वर्गात करतो तसं.

रजनी हसते आहे. माझं बोलून होईपर्यंत तिने ते हसू तोंडावर धरून ठेवलंय. हिरवी पैठणी, बहिणीकडून मागून आणलेली. नंतर खाली येऊन बसली. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत, कारण माझ्या बोलण्यानंतर वाजवायच्या की नाही हे लोकांना कळेना. पुढच्या बाईचं नाव पुकारलं, तेव्हा पहिली टाळी रजनीने वाजवली.

व्हिडिओ बंद केला. लाज वाटली. वाटलं तेच लिहितोय.

६ मार्च

कालची नोंद भावनेच्या भरात झाली. तरीही माफी मागायची हे ठरलं. पण कशी? कोर्समध्ये माफीवर धडा नाही. आक्रमकता आहे, प्रेरणा आहे, झोप आहे.

८ मार्च

महिला दिन. माफी मागायला उत्तम मुहूर्त. शाळेत मी ‘स्त्रीचा सन्मान’ यावर वीस मिनिटं बोललो. मुख्याध्यापक म्हणाले, परुळेकर, तुम्ही फार मनापासून बोलता. घरी आलो तर रजनीचं डोकं दुखत होतं. बामची बाटली तिच्या उशाशी ठेवली आणि बाहेर आलो. शब्द तोंडापर्यंत आले होते. दात घट्ट होते.

१४ मार्च

धुळवड. कारभारीभाऊ रंग लावायला आले. मला बाजूला घेऊन म्हणाले, सर, काय करू राहिले तुम्ही? आमच्याकडे बाई रुसली तर माणूस दोन शब्द बोलून मोकळा होतो, अन् तुम्ही आमच्या घरवालीला खमण खाऊ घालू राहिले. तिचं वजन वाढलं. मग म्हणाले, पाडव्याला आता पुरुषांची उखाण्यांची स्पर्धा ठेवलीय, तुमचं नाव टाकतो. परीक्षक दोन बायका: केसरबाई आणि रजनीवहिनी.

आधी नाही म्हणणार होतो. मग प्रकाश पडला. जिथे घडलं तिथेच, त्याच माइकवर, सगळ्यांसमोर माफी! सातव्या धड्यात आहेच, मूळ परिस्थिती पुन्हा उभी केली की परिणाम पुसता येतो. निदान मी तसा अर्थ काढलाय.

२२ मार्च

उखाणा तयार.

मार्क दिले तीन तेव्हा मान गेली खाली,
रजनीची माफी मागतो, चूक माझी झाली.

वृत्तात बसतो, आशय स्पष्ट, निसर्गाच्या बाबतीत निर्दोष. बाथरूममध्ये नळ सोडून म्हणून पाहिला. रडू आलं. साबण गेला असावा डोळ्यात.

२९ मार्च

उखाणा पाठ. हावभावही ठरवलेत. ‘मान’ म्हणताना मान खाली घालायची. आत्मविश्वास पूर्ण.

३० मार्च, रविवार. पाडवा

सकाळी गुढी उभारली. रजनीने गुढीला सांगितलं की गाठी कोपऱ्यातल्या डब्यात आहेत.

संध्याकाळी हॉल भरलेला. परीक्षकांच्या टेबलामागे रजनी, तीच हिरवी पैठणी. पहिल्या रांगेत मुख्याध्यापक, पाय पसरून, हसायच्या तयारीत. माझं नाव पुकारलं. माइक हातात घेतला. मान खाली घातली, ठरल्याप्रमाणे. मान खाली घातल्यावर मुख्याध्यापकांचे बूट दिसले. आणि मी म्हणालो:

श्रीखंडाच्या वाटीत केशराची काडी,
रजनीचं नाव घेतो, सुखी आमची जोडी.

हे कुठून आलं, देव जाणे. हॉलमध्ये खसखस पिकली. बिल्डिंगमधले सगळेच होते, जोडी किती सुखी आहे हे सगळ्यांना ठाऊक. रजनी हसली नाही. तिने माइक जवळ घेतला. मला वाटलं, आता वचपा काढणार. काढायलाच हवा होता. मी तीन ऐकायला तयार होतो, शून्यही चाललं असतं.

ती म्हणाली, हे माझे आहेत. आपल्या माणसाला मार्क द्यायला आपण बसू नये. यांचे केसरबाई देतील.

एवढंच. माइक शेजारी सरकवला.

हे मला सुचलं नव्हतं. फेब्रुवारीपासून मी किती धडे वाचले. तीन द्यावेत की आठ, ‘म्हणे’चा एक वाढवावा का, याचा विचार केला. पण बाजूला व्हावं, हे एकदाही डोक्यात आलं नाही. तिला विचारही करावा लागला नाही.

केसरबाईंनी मला दहापैकी नऊ दिले. दुसरा नंबर. स्टीलचा डबा मिळाला, टाळ्या मिळाल्या. खमण फळाला आलं. डबा घेऊन जिना चढताना मी तो शर्टाखाली लपवला होता. असली लाज मला कधी वाटली नव्हती.

३१ मार्च

सकाळी ओट्याजवळ गेलो. म्हणालो, रजनी, चुकलो मी. माझ्यावर लोक हसले म्हणून तुला तीन दिले. गुलमोहराचं निमित्त होतं.

म्हणालो! दात उघडले!

रजनी चहा गाळत होती. गाळणीला म्हणाली, तीन मार्क माइकवर, आणि माफी ओट्यापाशी. बरं जमतं लोकांना.

तिचं शंभर टक्के बरोबर आहे. दिवसभर शाळेत पाठीचा कणा काढून घेतल्यासारखा बसलो होतो.

१ एप्रिल

आता हॉल नाही, माइक नाही, मंडळाचा पुढचा कार्यक्रम थेट गणपतीत. पण सगळी माणसं एका जागी असतात असं एक ठिकाण आहे. आज लिहायला नको, लोक एप्रिल फूल समजतील.

२ एप्रिल

मंडळाच्या ग्रुपवर सकाळी टाकलं. चार वेळा लिहून खोडलं, पाचव्यांदा डोळे मिटून पाठवलं. ‘हळदीकुंकवाला सौ. रजनी यांना मी तीन मार्क दिले. उखाणा खरा होता आणि मी दरवर्षी ‘नेतो’ म्हणूनही नेलं नाही. लोक हसले याचा राग मी तिच्यावर काढला. तिची सर्वांसमोर माफी मागतो. अनंत परुळेकर.’

मुख्याध्यापकांनी मांडी थोपटल्यासारखा हसरा चेहरा टाकला. वाटलं होतं तसं मेलो नाही मी. पाठोपाठ कारभारीभाऊंचा मेसेज. ‘सर, वाईट वाटून घेऊ नका, पण मजकूर वैयक्तिक आहे. नियम तुमचाच.’ मजकूर उडाला, मी ग्रुपमधून बाहेर.

संध्याकाळी कोथिंबीर घेऊन घरी आलो. हॉर्न वाजवला नाही. रजनी स्वयंपाकघरात होती. मी जुडी ओट्यावर ठेवली, परत फिरलो. मागून आवाज आला.

अहो.

मला. कुकरला नाही, दाराला नाही. साठ दिवसांनी की किती, मी मोजणं सोडलं होतं. म्हणाली, अहो, तो मेसेज उडवायच्या आधी मी वाचला. दहापैकी तीन.

मी विचारलं, तीनच? म्हणाली, आशय घरगुती आहे. मग जुडी सोडता सोडता म्हणाली, उरलेल्या सातांचं मे महिन्यात बघू. फुलेल ना तेव्हा तुमचा गुलमोहर?

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणालो, फुलेल, फुलेल. आणि मी तुला नेतो. नेतो नेतो.

आतल्या खोलीतून केतकी फिसकन हसली. रजनीने माझ्याकडे बघितलं, मग कोथिंबिरीकडे. काही बोलली नाही, पण तो अबोला नव्हता.

तोच दिवस, झोपण्यापूर्वी

कोर्सचा निकाल आला. चाळीस टक्के. सर्टिफिकेट नाही. समर्थनाचा प्रश्न पुन्हा चुकला.

आणखी एक. गेल्या शुक्रवारी शाळेत याद्या लागल्या. मे महिनाभर मला घरोघरी सर्वेक्षणाची ड्यूटी आहे, तीही आत सुरंगी गावाकडे, रविवार धरून. मुख्याध्यापकांना सांगून रद्द करून घ्यायला हवी. ते हसतील.

रजनीला सांगायला हवं. आत्ता शांत झोपली आहे. उद्या सांगतो.